वरचं दूध

२०२२ साल. मी बहात्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, पण लिहितोय ते खरं लिहितोय.

सून बाळंतीण होऊन पेडण्याला घरी आली. नात छातीला लागायची, दोन घोट ओढायची आणि झोपायची. रडणंसुद्धा मांजराच्या पिल्लासारखं. आम्ही सारखे लंगोटाला हात लावून बघत होतो. कोरडा. गाल आत गेले. मुलगा तुयेच्या फॅक्टरीत पाळीवर होता, म्हणून मीच दोघींना रिक्षातून डॉक्टरणीकडे नेलं.

"वजन फार उतरलंय. आधी आईचं पाजा, मग वरचं दूध द्या," ती म्हणाली.

आमच्याकडे वरचं दूध म्हणजे गोठ्यातलं. पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही, रिक्षा थांबवायला बाहेर आलो.

घरी आल्याबरोबर गाय पिळली, अर्धं पाणी घालून दूध उकळलं आणि वाटी-चमचा घेऊन आत गेलो. सुनेनं बाळावर पदर ओढला.

"बाबा, हे नको. डॉक्टरांनी डब्यातली पावडर लिहून दिलीय. हे येताना आणतायत."

"डब्यातली? तुझ्या घोवाक, माझ्या पोराक, ह्याच गोठ्यातला दूध पाजून वाढवला!"

"तेका मी अंगावर पाजलंय," बायको म्हणाली. "तुमी खंय होतात? डिचोलीक, खाणीच्या ट्रकार."

मी वाटी धरून तसाच उभा. पोर तर उपाशी निजलेली. हलवली तरी डोळा उघडेना. सुनेनं गावच्या नर्सला फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला.

"आजोबा, वासरू नाय ता, नात आसा तुमची! वर्षाची होयसर गायीचा दूध देव नकात. पोटाक झेपाचा नाय. वरचा म्हणजे आईचा पिऊन झाल्यावर वर लागता ता."

मी वाटी खाली ठेवली. हरलो असं म्हटलं नाही.

मुलगा डबा घेऊन आला. सुनेनं आधी छातीला लावलं, मग पाणी उकळून निववून, डब्यावर लिहिल्याप्रमाणे पावडर कालवली. बायको चमच्याने पाजू लागली. मी पाठ करून बसलो, पण कान तिकडेच. घोट गळ्याखाली उतरल्याचा आवाज आला की माझाही श्वास सुटायचा. मध्येच आवाज थांबला. मी वळलो. पोर ओठ चाटत होती.

दिवेलागणीला लंगोट ओला लागला. तरी वजन चढेपर्यंत जिवाला घोर होताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाय पिळली, दूध उकळलं आणि पेला सुनेपुढे ठेवला. म्हटलं, "घे. ह्या तुका, वरचा."