मार्सेल नारळीवरून पडला त्याची गोष्ट

"नाय गो बाय, नारलीवरशी पडलो मी. नारलीवरशी! आथा कितीदा सांगू तुना?"

"काका, चिडू नका. मला फॉर्ममध्ये लिहायचंय. किती उंचीवरून पडलात?"

"उंची..." मार्सेलने अंगणातल्या नारळीकडे पाहिलं आणि मान वर करत करत शेंड्यापर्यंत नेली. एवढ्या वरून पडलो म्हटलं तर मेलोच असतो, असा हिशेब करून त्याने नजर खाली उतरवली. "अर्ध्यात व्हतो."

"अर्ध्यात म्हणजे किती फूट?"

"पंधरा लिव. नाय, वीस लिव."

फोन बाकड्यावर पडला होता आणि स्पीकरवर बोलत होता, कारण मार्सेलचे दोन्ही हात अळूच्या चिकाने काळे झाले होते. डावा पाय प्लास्टरात, प्लास्टर स्टुलावर, आणि मांडीवर अळूची पानं. चार वाजता भाजी न्यायला टेम्पो यायचा होता. वटार गावातल्या त्या ओटीवर शेजारी त्याची बायको ॲनी पानं निवडून देत होती आणि कान फोनकडे लावून बसली होती. फोनवरची पोरगी क्षितिजा, विमा कंपनीची.

प्रकरण होतं बोटीचं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलीने, नताशाने, मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीची सहल काढून दिली होती. मुंबई, गोवा, लक्षद्वीप, पाच रात्री. नताशा नायगावला टॉवरमध्ये राहते. तिने विमाही काढला होता, आणि तेव्हा मार्सेल हसला होता, "बोटीचा इमा? बुडली तं घेयाला येनार कोन?"

बोट काही बुडली नाही. सुटायच्या आठ दिवस आधी मार्सेलचा घोटा मोडला. डॉक्टरने सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून लिहून दिलं, नताशाने सहल रद्द केली, बोटवाल्यांनी चार आणे परत दिले आणि बाकीचे बारा आणे आता या क्षितिजाच्या हातात होते. ते आले तर नोव्हेंबरात पुन्हा बोट. नाही आले तर नाही. नताशाने स्पष्ट सांगितलं होतं, दुसऱ्यांदा तिला झेपणारं नव्हतं.

मार्सेलला बोटीचं सोयरसुतक नव्हतं. जीव लागला होता ॲनीचा. तिचा भाऊ फ्रेडरिक तीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी होता. तो सुट्टीला यायचा तेव्हा बोटीवरची जेवणाची छापील कार्डं आणायचा. ती कार्डं ॲनीने घरातल्या अल्ताराच्या, म्हणजे देव्हाऱ्याच्या, मागे जपून ठेवली होती. वेलींना पाणी सोडता सोडता तिने आयुष्यभर एकच मनात धरलं होतं, की एकदा तरी असं टेबलावर बसायचं, कार्ड हातात घ्यायचं आणि दुसऱ्या कोणी येऊन विचारायचं, बाई, काय आणू?

"काका," फोनमधून क्षितिजा म्हणाली, आणि तिचा आवाज जरा उतरला. "एक अडचण आहे. झाडावर, शिडीवर, उंचावर चढून काम करताना झालेली दुखापत आपल्या पॉलिसीत बसत नाही. असं लिहिलं तर क्लेम नामंजूर होईल."

ॲनीच्या हातातलं पान हातातच राहिलं.

"नामंजूर म्हंजे?" मार्सेल म्हणाला.

"म्हणजे काही मिळणार नाही."

ॲनीने पदराला हात पुसले, पुन्हा पान उचललं. मार्सेलला शिव्या चालल्या असत्या. शिव्यांची त्याला चाळीस वर्षांची सवय होती. हे गप्प बसणं नवीन होतं.

आता खरं काय ते सांगायला हवं. मार्सेल नारळीवर चढलाच नव्हता. गेली दहा वर्षं त्याने नारळीला हात लावला तो फक्त टेकायला.

मार्सेल बागायतदार माणूस, कोळी नव्हे. समुद्र घरापासून हाकेवर, तरी पाण्याशी त्याचा संबंध वेलींना सोडण्यापुरता. पण तरुणपणी, ॲनीच्या घरी बघायला गेला तेव्हा, फ्रेडरिकच्या बोटीच्या गोष्टी ऐकून ऐकून तो इरेला पेटला आणि बोलून गेला, "मी अर्नाल्याच्या किनाऱ्यावरशी बेटावरच्या किल्ल्यापर्यंत पोवत गेलतो." लग्न जमलं. गोष्ट मागे राहिली नाही. पहिल्या पाच वर्षांत तो परतही पोहत आला. नताशाच्या पहिल्या कम्युनियनला, चर्चमधल्या विधीनंतरच्या जेवणावळीत, त्याच्या पाठीवर एक बुडणारा दोस्त आला. पुढे त्या दोस्ताचं वजन वाढत गेलं.

आणि मग आली ही बोट. नताशाने फोनवर फोटो दाखवले. बोटीच्या माथ्यावर पोहण्याचा तलाव, त्यात माणसं. ॲनी म्हणाली, "बघ, तुझी मज्जा हाय. सगल्यांना दाखव कसा पोवतं ते." मार्सेलला त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी, गाव जेवून आडवं झालं की, तो वाडीच्या टोकाच्या बावखलात उतरू लागला. बावखल म्हणजे आमच्याकडे वाडीतलं पाणी साठवायचं तळं, उतरायला दगडी पायऱ्या. ईस्टरनंतरचे दिवस, पाणी आटून छातीला आलेलं. तरी मार्सेलला धीर होईना, म्हणून त्याने घरातला वीस लिटरचा निळा कॅन छातीला बांधला. कशाने? दोर होता घरात. पण बागायतदाराचा हात आधी केळीच्या सोपटाकडे जातो. मोळी बांधा, जुडी बांधा, वेल बांधा, सगळं त्या सुकलेल्या सालीने. पाण्यात सोपट फुगलं, सैल झालं, कॅन सटकला. मार्सेलला वाटलं, संपलं सगळं. छातीभर पाण्यात तो "जेजू! जेजू!" असा येशूचा धावा करत हातपाय मारत सुटला, पायऱ्यांवर शेवाळात घसरला, दोन दगडांमध्ये पाय अडकला आणि घोटा मोडला.

बोंब ऐकून शेजारचा क्लेमेंट धावत आला. त्याने वर ओढलं, सगळं बघितलं, आणि आठवड्याला राजेळी केळ्यांची एक फणी या बोलीवर तोंड बंद ठेवायला कबूल झाला. क्लेमेंटच्याच स्कूटरवरून मार्सेल हॉस्पिटलात पोचला. डॉक्टरने विचारलं, "झाडावरून पडलात म्हणता, मग कानात शेवाळ कुठून?" मार्सेल म्हणाला, "नारलाचा झाड ओलाच असतं."

पुढे गावाने गोष्ट उचलली. बासष्टाव्या वर्षी नारळीवर चढतो म्हणून लोक संत्री घेऊन आले. रविवारी चर्चमध्ये मिसाला फादरनी "नारळीवरून पडलेले आपले बंधू मार्सेल" म्हणून प्रार्थना सांगितली. त्या दिवसापासून खोटं देवाच्या दारातही नोंदलं गेलं, आणि मार्सेलला मागे फिरायला वाट राहिली नाही.

"काका? ऐकताय ना?" क्षितिजा म्हणाली. "मग मी उंचावरून पडलात असंच लिहून पुढे पाठवू?"

मार्सेलने ॲनीकडे बघितलं. ती पानांचे देठ मोडत होती, एकेक, अगदी सावकाश.

"थांब," तो म्हणाला. "नको लिवू."

"मग काय लिहू?"

"बावखलात पडलो."

ॲनीने मान वर केली.

"म्हणजे कुठे?"

"तल्यात गो. वाडीतल्या तल्यात. पायऱ्यांवर घसरलो."

"तिथे काय करत होतात?"

मार्सेलने घसा खाकरला. कुंपणापलीकडे क्लेमेंट दुधीच्या मांडवाखाली उभा होता, त्यानेही कान टवकारले.

"पोवाला शिकत व्हतो," मार्सेल म्हणाला.

ॲनीने हातातली पानं खाली ठेवली.

"शिकत?" ॲनी म्हणाली. "मंग अर्नाल्याचा किल्ला?"

"होडीत गेलतो."

"आनि पाठीवर दोस्त व्हता तो?"

"पाठीवर मीच व्हतो. होडीपर्यंत पानी व्हता ना. त्याने उचलून नेला मना."

कुंपणापलीकडे क्लेमेंटच्या तोंडून कसला तरी आवाज निघाला. ॲनीचं लक्ष तिकडे गेलं, मग परत मार्सेलकडे, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं.

"पोवाला काय धरला व्हता?"

"क्यान," मार्सेल अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"निला?"

"निला."

"माझा खोबरेलाचा निला क्यान! तीन हप्ते शोधते मी तो! त्या मर्लिनने नेला म्हनून तिच्या दारात जाऊन काय नाय ते बोलले मी! आनि क्लेमेंट, तू! बायको तुझी चोर ठरली नि तू गप? कशावं गप?"

"केल्यांवं," क्लेमेंट दुधीतून म्हणाला.

"क्यान कुठं हाय?"

"बूच नीट लागला नव्हता," मार्सेल म्हणाला. "खाली बसला."

"हॅलो?" क्षितिजा म्हणाली. तिचा आवाज जरा हलत होता, ती हसू दाबत असावी. "काका, मला एवढंच विचारायचंय. पायरीवर घसरून पडणं पॉलिसीत बसतं. पण पाण्यातले साहसी खेळ बसत नाहीत. हे साहसी खेळात येतं का?"

मार्सेलचं तोंड उघडलं. चाळीस वर्षांची सवय होती, जीभ आपोआप वळायला लागली होती. त्याच्या आधी ॲनीने फोन उचलला.

"कसला साहस गो बाय! छातीभर पानी. म्हशीसारखा डुंबत व्हता. तूच लिव, डुंबत व्हता."

"पाहणारं कोणी होतं का?"

"हाय ना. दुधीत लपलाय. देते त्याला."

क्लेमेंटला कुंपण ओलांडून यावं लागलं. त्याने जे पाहिलं ते सांगितलं, आणि जरा जास्तच रंगवून सांगितलं, विशेषतः "जेजू, जेजू" कसं ओरडत होता ते. क्षितिजाने सांगितलं, पायऱ्यांचा फोटो पाठवा, क्लेमेंटकाकांची सही पाठवा, आधीचा जबाब चुकीचा होता असं एक पत्र लिहा. फोन ठेवल्यावर ॲनी उठली, घरातून भोपळ्याची एक मोठी फोड घेतली आणि मर्लिनकडे निघाली. तासाभराने दोघी बायका मिळून हसत होत्या. ते हसणं मार्सेलला ओटीवर बसून ऐकावं लागलं, कारण पळून जायला पाय नव्हता. रविवारपर्यंत गोष्ट चर्चच्या पायऱ्यांवर पोचली. मार्सेलला हात देताना फादरनी विचारलं, "पाणी किती होतं?"

दहाव्या दिवशी नताशाचा मेसेज आला. मंजूर. ॲनीने तो दोनदा वाचला, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला. मग म्हणाली, "नोवेंबर."

"हं."

"बोटीवं जाकीट देतात म्हने. फुगलेला. गल्यात घालायचा."

"सगल्यांना?" मार्सेलने आशेने विचारलं.

"सगल्यांना देतात. पन तू तो जेवाला बसतानाही काढू नको."

मार्सेल यावर काहीतरी बोलणार होता. पण वाटेवर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि अजून वीस जुड्या बांधायच्या राहिल्या होत्या. त्याने प्लास्टरचा पाय स्टुलावर सारखा केला, पानं मांडीवर ओढली, देठ जुळवले आणि पुढची जुडी बांधायला घेतली.