माझ्या लग्नातला कॅनडाचा बँड

कॅनडातल्या ‘स्नो शॉवेल्स’ या रॉक बँडचे एकूण चार कार्यक्रम झाले. त्यातला चौथा आणि शेवटचा नाशिक रोडला, माझ्या लग्नात.

बँडचे संस्थापक म्हणजे माझे धाकटे काका. बहात्तर साली ते फिटर म्हणून टोरांटोला गेले आणि कारखान्यातल्या ग्लेन आणि रॉब या दोन गोऱ्यांना घेऊन त्यांनी बँड काढला. (नावाचा अर्थ, बर्फ उपसायची फावडी. आई म्हणाली, “फावडीच उचलायची होती, तर इथं काय कमी होती?”) एक्क्याऐंशी साली माझं लग्न ठरलं आणि काकांचं पत्र आलं, “मिरवणुकीत आम्हीच वाजवणार.” मी ते पत्र अख्ख्या कॉलनीत वाचून दाखवलं! माझ्याच हट्टापायी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलेले ताशेवाले परत पाठवले.

अण्णांची अट एकच. “आपल्यात मुहूर्त नसतो, वेळ असते. साडेदहा म्हणजे साडेदहा!” पंधरा वर्षं लोकांच्या लग्नांत उभं राहून त्यांनी हे सुनावलं होतं. आता घरचं पहिलं लग्न, त्यामुळे सगळी कॉलनी घड्याळ लावून बसलेली. त्यात बौद्धाचार्यांना दुपारी सायखेड्याला दुसरं लग्न लावायचं होतं.

सकाळी नऊला मी फेटा बांधून घोड्यावर बसलो. (घोडा शांत होता, थरथरत मी होतो.) अंगणात ग्लेनने ड्रमवर पहिला ठोका दिला आणि घोडा चार पावलं मागे सरकला. अण्णांनी हात केला, “चला!”

काका जागचे हलेनात. “चला म्हणजे?”

“म्हणजे पुढं चला. विहारापर्यंत.”

“अण्णा, आम्ही उभं राहून वाजवतो. ही गिटार विजेवर चालते. वायर बघा ना!”

“मिरवणूक चालते, हेसुद्धा विसरलास का रे तिकडं जाऊन?”

वायर वीस हात. विहार नऊ गल्ल्या पुढे!

मग माझ्याच सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. ड्रम भाजीच्या हातगाडीवर चढवायचे आणि जे घर लागेल त्याच्या खिडकीतून वायर आत टाकायची. आमची कॉलनी प्रेमळ. कुणी नाही म्हणेना, हीच पंचाईत! पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी पाहुण्यांना पोहे. तिसऱ्या घरच्या शांताबाईंनी प्लगवर हातच ठेवला.

“वीज आमची, तर गाणं आमच्या पसंतीचं. बाबासाहेबांचं म्हणा.”

“बाई, त्यांना येत नाही,” काका म्हणाले.

“मग येतं तरी काय त्यांना?”

असं म्हणून शांताबाईंनी स्वतःच गाणं धरलं. सहा कडवी! ग्लेनने असा ठेका दिला की वन्समोअर झाला. अण्णा एकदा घड्याळाकडे बघत, एकदा माझ्याकडे. त्यापेक्षा घोड्यावरून पडलेलं परवडलं असतं.

चौथ्या घरी प्लग लावला आणि फाट्‌! सगळ्या ओळीची वीज गेली. वाजले होते सव्वादहा आणि आम्ही अजून पहिल्याच गल्लीत. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. “पंधरा वर्षं लोकांना बोललो रे. आज लोक मला बोलतील.” तेव्हा मात्र मला मनापासून लाज वाटली. उतरून पळत सुटावं म्हटलं, तर पाय रिकिबीत अडकला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या साडीतली नवरी दिसली. झपाझप चालत येत होती. मागे तिचे वडील, बौद्धाचार्य आणि विहारातल्या तसबिरी छातीशी धरलेले माझे दोन मेहुणे.

“नवरदेव येईनात, म्हणून आम्हीच आलो,” सुमन म्हणाली. “आचार्य, इथंच लावा.”

शांताबाईंच्या ओट्यावर तसबिरी मांडल्या आणि ठीक साडेदहाला त्रिसरण सुरू झालं. अण्णांनी प्रत्येक पाहुण्याच्या नाकासमोर घड्याळ धरलं. बँड मात्र त्याच दुपारी मोडला. शांताबाईंचं ऐकल्यावर आपण गाण्यात अर्थ नाही, असं रॉबचं स्पष्ट मत पडलं.

अजूनही कुणी आलं की मी ऐटीत सांगतो, “आमच्या लग्नात कॅनडाचा बँड होता!” लगेच आतून सुमनचा आवाज येतो, “आणि लग्नाला चालत कोण आलं होतं, तेही सांगा!”

मग मी मुकाट्याने चहा टाकायला उठतो.