नावं लागत न्हाईत

ऐतवारी संध्याकाळी आमच्या दारात चपला जमतात. मानसं बसतात, भांडतात, चपला घालून जातात. पन त्यांनी केलेल्या गमती हितंच पडून ऱ्हातात. किती वर्सांच्या साचल्यात! झाडायला गेलं तर केरसुनीला येत न्हाईत, म्हनून आपलं सांगून टाकते.

मंडळी तिघांचीच. एक आमचे हे. किकवीच्या शेतकऱ्याचं पोर, पन भोरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. दुसरे गुजरसर, फिजिक्सवाले. तिसरे वकीलसाहेब, ज्यांचं कोर्टात भांडून पोट भरत न्हाई म्हनून आमच्याकडं येतात. आन चौथी मी. मार्गासनीची, शाळा निम्मी. चहा करायचा आन आतनं ऐकायचं. ह्यांनी साहेबाच्या भाषेतली जाडजूड पुस्तकं वाचलेली. तिघांचा वाद कायम एकच. जगात खरोखर काय काय हाय, आन ते सांगायला शब्द कसे पुरतात!

* * *

लग्नानंतर पयल्यांदा रेशनच्या दुकानात गेले. दुकानदार म्हनला, "मालकाचं नाव?"

आता नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं न्हाई, ही आमच्यातली रीत. म्या म्हनलं, "रस्त्यानं एकटेच हातवारे करत चालतात, आन सोताच्या घरावरनं पुढं निघून जातात, ते!"

"हां हां, सर व्हय!"

घरी येऊन सांगितलं तर हे खुर्चीतनं उठलेच! "अगं, हेच मी वर्गात घसा फोडून सांगतो! नावं लागतच नाहीत. नाव काढून टाकायचं, वर्णन ठेवायचं. अट एवढीच, त्या वर्णनात बसणारा कुणीतरी असायला पाहिजे, आणि तो एकच पाहिजे."

"दोन असते तर बरं झालं असतं," म्या म्हनलं, "निवडाया तरी मिळालं असतं!"

ह्यांनी बी माझं नाव कधी घेतलं न्हाई. "अगं" आन "अहो" वर सगळा संसार झाला. आन ह्यांचा शानपना लईच वाढला की म्या चहात मीठ घालायचं. पावन्यांसमोर मुकाट प्यायचे बिचारे! फक्त डावी भुवई तेवढी वर जायची.

* * *

एकदा वकीलसाहेबांनी काडी टाकली. "जे नाहीच, त्याच्याबद्दल बोलता कसं येतं? बोललात म्हणजे ते कुठंतरी असणारच!"

झालं! गुजरसर एकीकडं, हे दुसरीकडं. चहाची वेळ टळून गेली तरी थांबेनात. मी आतनं वरडले, "साखर न्हाई!"

तिघांच्या माना सैपाकघराकडं वळल्या.

"बघा," म्या म्हनलं, "जे न्हाई त्याच्याबद्दल बोलले, आन तुमा तिघांला कळलं बी!"

गुजरसर टाळ्या वाजवाया लागले. हे मात्र उठले, आत आले आन डबा उघडला. साखर काठोकाठ! तो डबा नेऊन दोघांच्या पुढ्यात ठिवला.

"काय आहे आणि काय नाही, ते नुसत्या बोलण्यावरून ठरत नाही. डबा उघडून बघावं लागतं. विज्ञान तरी दुसरं काय करतं?"

हरले की वो मी! त्या दिशी मीठ दोन चमचे.

* * *

एक परदेशी प्रोफेसर ह्यांच्याकडं ऱ्हायला आला व्हता. मराठी शिकायची लई हौस. कशाकडंबी बोट दाखवायचा आन मी सांगेन ते घोकत बसायचा. अंगनात गहू वाळत घातलेले. कोंबडी तिकडं वळली. त्यानं तिच्याकडं बोट केलं, आन त्याच वक्ताला मी वरडले, "हुश!"

सकाळी नाष्ट्याला बसला तर म्हनतो, "वहिनी, एक हुशचं अंडं द्या!"

म्या न्हाई सुधारलं. दिलं अंडं! जाईस्तोवर तो कोंबडीला हुशच म्हनत व्हता.

हे तर आनंदानं येडे झाले. "नुसतं बोट दाखवून अर्थ कळत नाही! त्यानं काय दाखवलं आणि तू काय सांगितलंस, मधली फट कुणालाच दिसत नाही. पुस्तकात वाचलं होतं, आज अंगणात घडलं!"

पुढं दरसाल पोरांना हे शिकवायचे. हुश म्हनलं की सगळा वर्ग हसायचा.

* * *

रिटायर झाल्यावरची गोष्ट. तिघं बसले व्हते. कोंबडी पायरीवर आली. ह्यांनी बोट केलं. "ती बघा... ती..."

थांबले. कपाळाला आठ्या. मग म्हनले, "हुश!"

दोघं मैतर पोट धरून हसले. हे बी हसले, पन जरा उशिरानं. मी ट्रे घेऊन दारात उभी. ह्यांना शब्द सापडत नव्हता. एवढ्याशा उशिरात मला कळलं.

* * *

पुन्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनी पेन दाखवलं. "आजोबा, हे काय?"

"ज्यानं लिहितात ते."

घड्याळ दाखवलं. "आणि हे?"

"ज्यात वेळ बघतात ते."

"नाव सांगा की!"

"नावं लागत नाहीत, डॉक्टर. वर्णनात वस्तू बसली ना?"

डॉक्टर हसले. मग मला बाजूला घेऊन म्हनले, "आजी, आधी नावं जातात. मग माणसं."

परत येताना एसटीनं कामथडी गाव मागं टाकलं तरी तेच डोक्यात. माझं नाव तर ह्यांनी कधी घेतलंच न्हाई. मंग माझी पाळी कवा येनार, ते मला कसं कळायचं?

* * *

भोरच्या स्टँडवर हे हरवले. मी तिकिटाचं इचारायला वळले आन बाकडं मोकळं! कंट्रोलर म्हनला, "आजी, नाव सांगा, माईकवरनं पुकारतो."

माझी जीभ उचलंना.

"अवो, मानूस हरवलाय आन तुमी लाजताय?"

घेतलं मग. जन्मात पयल्यांदा. त्यानं मोठ्यानं पुकारलं, दोनदा पुकारलं. कोन बी आलं न्हाई. म्या त्याच्या हातातला माईकच वढला. "अहो! ऐकलं का? चहा गार व्हतोय!"

हे पेपरच्या स्टॉलमागनं बाहेर आले. "ओरडतेस कशाला?"

ह्यांच्या संगट आनखी दोन म्हातारे बी उठून आले! म्या ह्यांचा हात धरला आन म्हनलं, "बघा, तुमच्या वर्णनात तिघं बसले!"

हे हसले न्हाईत. माझा हात मात्र घरापत्तोर सोडला न्हाई.

* * *

वकीलसाहेब मनानं वाईट न्हाईत, पन सवय जात न्हाई. हे समोर गप बसलेले असताना एकदा गुजरसरांना म्हनले, "प्रश्न असा आहे की, हा आता तोच माणूस आहे का?"

म्या त्यांच्या पुढचा कप उचलला. "हा प्रश्न कोर्टात घेऊन जावा. हितं चहा मिळनार न्हाई."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. डोळे पुसत उठले आन घाईनं निघाले. मागनं गुजरसर वरडले, "वकील, माणूस कोणता ते राहू द्या, चप्पल माझी आहे!"

पुढच्या ऐतवारी वकीलसाहेब सगळ्यांच्या आधी येऊन ह्यांच्या जवळ बसले. अजून तितंच बसतात.

* * *

आता हे परवाचं. दोघं आलेले. मी पानी घेऊन बाहेर गेले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, सावरून बसले आन म्हनले, "बाई, जरा ऐकता का? आमची ही कुठं दिसली का तुम्हाला?"

वकीलसाहेबांनी मान खाली घातली. गुजरसर म्हनाया लागले, "अरे, ही काय समोर..." म्या हातानंच त्यांना गप केलं.

"कोन ही?" म्या इचारलं. "नाव काय तिचं?"

"नाव..." लई शोधलं. व्हट हलत व्हते. मग हात झटकला. "नाव लागत नाही. मार्गासनीची आहे. फार चावट. डबाभर साखर असताना नाही म्हणून सांगते. पाव्हण्याला हुश शिकवते. अशी एकच आहे. दुसरी नाहीच."

"आन ती हाय का अजून?"

ह्यांनी सैपाकघराच्या दाराकडं बघितलं. "ते बघावं लागेल," म्हनले.

मी आत गेले. चहा टाकला. साखरंचा डबा उघडलाच न्हाई, मिठाचा उघडला. कप आनून ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी एक घोट घेतला. डावी भुवई वर गेली.

गुजरसरांकडं वाकून, मला ऐकू जाऊ नये असं हळूच म्हनले, "आली वाटतं!"