माळावर पडलेले धनुष्य

काल संगणकाच्या पडद्यावर सूनबाईची तिरंदाज लढाईत पडली आणि वर्षभर खपून मिळवलेले तिचे धनुष्य उघड्या माळावर राहिले. या ऑनलाइन खेळात असंख्य अनोळखी माणसे एकत्र खेळतात, आणि नव्या नियमानुसार पडलेल्याचे शस्त्र कोणीही उचलू शकतो.

"त्यातच तर थरार आहे!" चिरंजीव म्हणाले.

"तुझी तलवार जाऊ दे, मग विचारते थरार," सूनबाईने सुनावले.

ही तर नियमाने माफ केलेली चोरी, असे मी संतापून म्हणालो आणि कंपनीला खडसावणारे पत्र मनात जुळवू लागलो. तेवढ्यात एक अनोळखी योद्धा आला. त्याने धनुष्याला हात लावला नाही. तिरंदाज जिवंत होऊन परतेपर्यंत तो नुसता राखण करीत उभा राहिला.

त्याला तेथे उभे करणारे कलम मला अद्याप सापडलेले नाही.