रेवाच्या जॅकेटची झालर

लंडनच्या हॉलमध्ये साउंडचेक चालू होता. म्हणजे शोच्या आधी माइक, वाद्यं तपासून बघतात ते. रेवाने गिटारवर हात मारला आणि स्पीकरमधून खर्रर्र असा आवाज आला. पुन्हा मारला, पुन्हा खर्रर्र.

"काका, ती झालर स्ट्रिंग्समध्ये अडकतेय!" ती स्टेजवरून ओरडली.

झालर माझी होती. जॅकेट माझं होतं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, तो तसाच बसून राहिलो.

मी शिंपी. चौथीत शाळा सोडली आणि मिरजेत बँडवाल्यांचे ड्रेस शिवायला बसलो. आता कॉव्हेंट्रीत माझं आल्टरेशनचं दुकान आहे, आणि या वयातही सुईत दोरा मीच ओवतो. रेवा ही आमच्या डॉक्टर सुनंदाताईंची मुलगी. कंट्री म्युझिक गाते. ती अमेरिकेतल्या गावाकडची गाणी. त्यात घोडे, ट्रक आणि सोडून गेलेली माणसं असतात. सुरुवातीला ती पबमध्ये गायची आणि लोक फुटबॉल बघत बसायचे. तेव्हा मीच तिला म्हणालो, "बँडवाला साध्या शर्टात आला तर वरातीत त्याला कोण विचारतो? अंगावर काहीतरी चमकू दे." पहिला शर्ट मी शिवला. मग लोक बघायला लागले, फेस्टिव्हलची बोलावणी आली, रेडिओवर गाणं लागलं. शर्टामुळे, असं माझं म्हणणं आहे. ती म्हणते गाण्यामुळे.

आज संध्याकाळी अमेरिकेचे टूरवाले तिला ऐकायला येणार होते. आवडली तर तिकडे नेणार. त्यासाठी मी तांबड्या मऊ चामड्याचं जॅकेट शिवलं होतं. दोन्ही बाह्यांना कोपरापासून मनगटापर्यंत झालर, झालरीच्या टोकाला मणी.

तिचा मॅनेजर ग्लेन धावत आला. "टेक इट ऑफ. ब्लॅक टी-शर्ट घाल."

"नो," मी म्हणालो.

"देन कट द फ्रिंज."

"माझ्या कामाला कात्री लागणार नाही."

हे रेवाने त्याला इंग्रजीत सांगितलं, जरा सौम्य करून. मग माझ्याकडे वळली. "काका, टी-शर्टमध्ये मी वेट्रेस दिसते. आणि असा आवाज आला तर अमेरिका गेली! काहीतरी करा ना, प्लीज."

"ट्रायलला गिटार का नाही आणलीस?"

"आणली होती! तुम्हीच म्हणालात, बाहेर ठेव, मध्ये मध्ये येते."

ट्रायल कशी घ्यायची ते शिंप्याने ठरवायचं असतं.

मिरजेच्या ढोलवाल्यांच्या कोटाला पुढे जरीची नक्षी टिकायची नाही, ढोलाने घासून जायची. म्हणून आमचे उस्ताद ती सगळी पाठीवर लावायचे. मी रेवाला म्हणालो, "काढ जॅकेट. झालर पाठीवर जाणार."

झालर उसवली. आता ती योकला लावायची होती. योक म्हणजे पाठीवर खांद्याखाली असतो तो आडवा तुकडा. मशीन नव्हतं, आणि चामड्यात सुई सहज शिरत नाही. शो सुरू होईपर्यंत एकट्याने होणारं काम नव्हतं. सुनंदाताई हॉस्पिटलमधून थेट आल्या होत्या. त्या सर्जन. पर्स खुर्चीवर टाकली आणि म्हणाल्या, "द्या ती दुसरी सुई. मी रोज टाकेच घालते."

"ताई, हा पेशंट नाही. एकदा भोक पडलं की भरून येत नाही. टाका बारीक घ्या."

"तुम्ही आधी जॅकेट हलवू नका."

"मी कुठे हलवतोय?"

"काका, माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये असता ना, तर बाहेर काढलं असतं तुम्हाला."

दोन टोकांकडून शिवत आम्ही मधोमध भेटलो. ताईंचे टाके माझ्यापेक्षा सरळ होते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

रेवा स्टेजवर आली. गिटार स्वच्छ वाजली. दुसऱ्या गाण्यात ती तालावर गर्रकन वळली, पाठीवरची झालर पंख्यासारखी फिरली आणि हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. मग काय, पोरगी दर कडव्याला वळायला लागली. सुनंदाताई खुर्चीवर उभ्या राहून ओरडत होत्या. मीही उभा राहिलो, पण जमिनीवर.

टूरवाल्यांनी तिला नेलं. अमेरिका झाली, कॅनडा झाला, आता ऑस्ट्रेलियात आहे. तिकडच्या पोस्टरवर तिचा फोटो पाठमोरा आहे. सुनंदाताई म्हणतात, "लेकीचं तोंडच दिसत नाही." मी म्हणतो, जॅकेट दिसतं ना.

दुकानात आता एक नियम केला आहे. गिऱ्हाइकाने आपलं काम करता करता माप द्यायचं. परवा एका डेंटिस्टला खुर्चीवर वाकून उभं केलं. कुरकुरला, पण वाकला.