आत्याबाई आणि बाहेरगावचे उपदेशक

बल्लारपूरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये संदेश द्यायला येणारा उपदेशक देवाला जितका भीत असे, त्याहून वीतभर जास्त माझ्या आत्याबाईला भीत असे. जो भीत नसे, तो तिला अजून भेटलेला नसे. आत्याबाई म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. गडचिरोलीकडच्या जंगलपट्ट्यातल्या दवाखान्यांत तिची सगळी नोकरी नर्स म्हणून गेली. लग्नबिग्न केलं नाही, आणि रिटायर झाल्यावर आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. पाळकसाहेबांनी सभेला ज्याला बोलवायचं त्याला बोलवावं, पण पाहुण्याचं पहिलं जेवण आपल्याकडे, हा हक्क तिनं कुणालाही न विचारता घेऊन टाकला होता. लोकांना वाटे, केवढी ही सेवा! सेवा कसली डोंबलाची, ती तपासणी होती.

तपासणी स्टेशनापासूनच सुरू व्हायची. पाहुण्याला आणायला ती ओळखीच्या एका म्हाताऱ्या मुसलमान चाचांचीच ऑटो पाठवी, आणि पाहुणा आत हातपाय धूत असला की दारात जाऊन चाचांना हळूच विचारी, "काय चाचा, कसा आहे माणूस?" चाचांचा निकाल एका वाक्यात असे. "बाई, आदमी अच्छा है, मेरा नाम पूछा, बच्चों का पूछा." नाहीतर, "बाई, पूरे रस्ते अपनाच नाम बताया." पाळकसाहेब एकदा वैतागून म्हणाले, "अहो बाई, ख्रिस्ती उपदेशकाची पारख तुम्ही ऑटोवाल्याकडून करून घेता?" "मंग कोणाकडून घेऊ?" आत्याबाई म्हणाली, "तुमच्यासमोर सगळेच गोड बोलते. ऑटोवाल्यासमोर सोंग कोण कराले जाते?" मग जेवण. त्यात कारल्याची भाजी हटकून, तीही गूळ न घालता, अशी कडू की डोळ्यांत पाणी यावं. जो "वा, काय चव आहे!" म्हणाला, त्याचे मार्क तिथेच कापले. "कडूले कडू म्हणाव ना बापा! ताटावर खोटं बोलते, तो पुढं उभा राहून काय सोडंल?"

पण खरी गोम शेवटच्या प्रश्नात होती. पाहुणा हात धुवायला उठणार एवढ्यात ही पदर सावरून विचारी, "काय जी, त्या बाईले दगड माराले लोक जमले होते, तवा प्रभू खाली वाकून जमिनीवर बोटानं काय लिहून राह्यला होता?" येशूनं तेव्हा काय लिहिलं, हे बायबलात कुठेच सांगितलेलं नाही, आणि ते नाही हे तिला पक्कं ठाऊक. पण उपदेशकाला प्रश्न विचारला आणि तो गप्प बसला, असं कधी झालंय? एकानं सांगितलं, जमलेल्यांची पापं, नावानिशी. दुसऱ्यानं दहा आज्ञा लिहिल्या. तिसरा कोणत्या भाषेत, कोणत्या वळणाचं अक्षर, हेसुद्धा सांगू लागला, तेव्हा हिनं शांतपणे विचारलं, "तुम्ही तिथीच उभे होते काय जी?" फक्त एकदा गडचिरोलीकडून एक लुकडा तरुण आला होता. त्यानं कारल्याचा घास कसाबसा गिळला आणि डोकं खाजवत म्हणाला, "बाई, मले नाई माहीत जी. मीबी इचारच करून राह्यलो." त्याच्या भातावर आत्याबाईनं तुपाची अख्खी वाटी रिकामी केली. त्याचा संदेश इतका रटाळ झाला की निम्मी मंडळी पेंगली. आम्ही तक्रार केली तर म्हणाली, "रटाळ आहे, पण खोटा नाई. जराशी झोप आली तं मेले काय तुम्ही?"

आम्हाला हे सगळं गमतीचं वाटे. मी तेव्हा कॉलेजात होतो, मित्रांत आत्याबाईच्या नकला करायचो. पण माझ्या धाकट्या बहिणीला फिटा यायच्या. आत्याबाईनंच तिला चंद्रपूरच्या डॉक्टरकडे नेऊन गोळ्या सुरू केल्या होत्या. फिटा कमी झाल्या, तरी थांबल्या नव्हत्या, आणि "अशा पोरीले कोण करंल?" म्हणून आई रोज झुरत होती. अशात एका मोठ्या शहरातून एक नावाजलेले उपदेशक तीन दिवसांच्या सभेला आले. पांढराशुभ्र सूट, सोबत बाजावाले. चाचांनी दारातूनच नकारार्थी मान हलवली. कारलं त्यांनी वाहवा करून पुन्हा मागून घेतलं आणि ताटात तसंच टाकलं. शेवटच्या प्रश्नावर डोळे मिटून म्हणाले, "ते मला प्रभूनं स्वतः दाखवलं आहे." आत्याबाईनं नुसतं त्यांचं ताट उचललं. आईला मात्र तिनं त्याच संध्याकाळी बजावलं, "हा माणूस आपल्या कामाचा नाई." आईनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की ज्यांचा खरा विश्वास आहे त्यांनी आपली औषधं पुढच्या टेबलावर आणून ठेवावीत, आजपासून त्यांची गरज नाही. बायका रांगेत उभ्या राहिल्या. आई बहिणीचा हात धरून पुढे गेली आणि पदराच्या टोकाला बांधलेली गोळ्यांची पाकिटं तिनं टेबलावर ठेवली. मागच्या बाकावरून आत्याबाई उठली. आता ही सगळ्यांसमोर आमची शोभा करणार म्हणून मी मान खाली घातली. ती सरळ उपदेशकांपुढे जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "साहेब, पंधरा दिवस इथीच राहा. माह्या घरी राहा, माह्या हातचं खा. ही गोळी एकदम बंद केली तं फिटावर फिट येते, मी दवाखान्यात डोळ्यानं पाह्यलं. आली तं पोरीले कुशीवर वळवाले तुम्ही तिच्याजवळ बसा. पंधरा दिवस तुम्ही बसले, पोर चांगली राह्यली, तं गोळ्या मी स्वतः नाल्यात फेकते."

"बाई, अविश्वास करू नका," ते म्हणाले. "उद्या दुसऱ्या गावी सभा आहे, सकाळचीच गाडी आहे. मी तिथून प्रार्थना करीन."

"प्रार्थना तं मीबी करते जी. बसणारा माणूस पायजे."

ते पुढच्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायला वळले. आत्याबाईनं गोळ्या उचलून आपल्या पिशवीत टाकल्या आणि बहिणीला म्हणाली, "चाल व, घरी." तिच्या मागून दोघी-तिघी जणींनी आपापल्या बाटल्या गुपचूप परत घेतल्या. आई तिथेच उभी राहून रडत होती.

बहिणीच्या गोळ्या चालू राहिल्या. पुढे फिटा थांबल्या, तिचं लग्न झालं, आता ऊर्जानगरला तिचा संसार आहे. पण आई आत्याबाईशी कामापुरतंच बोलू लागली. भाजीची वाटी आमच्या हाती पाठवायची, स्वतः जायची नाही. "माह्या पोरीचा चमत्कार हिनं अडवला," एवढंच म्हणायची. मी मात्र आत्याबाईवर खूश. चार-पाच वर्षांनी एकदा मोठ्या रुबाबात तिला म्हणालो, "काय ओळखलं होतंस व तू त्याले! पळणार म्हणून तुले माहीतच होतं ना?"

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "नाई रे बापा. तो जातो म्हणाला, तरी मले वाटलं होतं, राह्यते म्हणन. घरी येऊन त्याच्यासाठी खाट टाकली, धुतलेली चादर घातली. सकाळची गाडी गेल्याचा आवाज आला, तवा उचलली." मग सुपाकडे बघत म्हणाली, "पोरीची मिरगी जावी असं माह्या मनात नव्हतं काय?"

 मी म्हटलं, "हे आईले सांगतो. तिचा राग जाईल."

"सांगू नको."

"काऊन?"

"आज तिले वाटते, नणंदेनं अडवलं. नणंदबी चमत्काराची वाट पाहून राह्यली होती हे कळलं, तं तो कोणी नाई केला असं वाटंल तिले? देवावर रुसंल मंग ते. माह्यावर रुसू दे, मले काय होते?"

मी शब्द दिला आणि पाळला. आई रुसलेलीच गेली. दफनाच्या दिवशी कबरेशी सगळ्यात जास्त आत्याबाई रडली, आणि परत येताना लोक एकमेकांना म्हणत होते, नणंदा-भावजयांचं कधी पटलं नाही, मग ही बाई एवढी काऊन रडून राह्यली?