पुढच्या गाडीतली जागा

डोंगरातल्या त्या सिग्नल पोस्टवर बारामती-इंदापूरकडचे आम्ही दोघंच. मी कोऱ्हाळे बुद्रुकचा, हवालदार, रेडिओ सेटवर. नायक महादेव गावडे भवानीनगरचा. कॉम्प्युटरच्या कोर्सला मला डावलून त्याला निवडलं आणि मी जळलो. स्पष्टच सांगतो. सुभेदारसाहेब सल्ला विचारायचे तेही त्यालाच.

वेल्फेअर रूममध्ये इंटरनेटचा एक कॉम्प्युटर होता, तो गावडेच्या ताब्यात. हंगाम लागला की आमच्याकडचा जवान कुठल्याही पोस्टिंगवर असो, आधी चौकशी करतो ती उसाला तोड कधी येणार याची. त्या दिवशी मेलवर साखर कारखान्याच्या नावानं 'ऊसतोडणी कार्यक्रम' अशी फाईल आली. गावडेनं ती उघडली. आत काहीच नव्हतं.

दुपारी मी चहा घेऊन गेलो. पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता आणि गावडेचे हात मांडीवर होते. कॅमेऱ्याचा दिवा लागलेला. कॅमेऱ्याचं तोंड खिडकीकडे, आणि खिडकीबाहेर आमचा कॉन्व्हॉय, गाड्यांचा ताफा, निघायच्या तयारीत उभा.

गावडेनं केबल उपटली.

"रिमोट ॲक्सेस ट्रोजन हाय, तात्या. कुणीतरी लांबनं बघतंय."

फाईल हे नुसतं सोंग, त्यानं सांगितलं. ती उघडली की आतला प्रोग्राम गुपचूप मागचं दार उघडतो. मग परका माणूस आपला माऊस फिरवतो, टाइप केलेलं वाचतो, कॅमेरा लावतो. ऐकताना मला आतून बरं वाटत होतं. म्हटलं, उतरला याचा तोरा.

पण तो तडक सुभेदारसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "फाईल मी उघडली, साहेब." एवढं सरळ मला बोलता आलं नसतं. त्याचाही मला हेवा वाटला.

सेटवरून मी साहेबांची ऑर्डर दिली. "सब गाडी रोको. ओव्हर."

कॉन्व्हॉय निघतोय हे शत्रूनं कॅमेऱ्यातून पाहिलं असणार, नेहमीच्या रस्त्यावर तो टपून बसेल, म्हणून रस्ता बदलला. कड्याखालचा जुना रस्ता ठरला. पुढच्या रेडिओ गाडीत ड्युटी माझी होती. गावडे सुभेदारसाहेबांच्या मागंच लागला, चूक त्याची, तर पुढं तोच जाणार. साहेबांनी हो म्हटलं. माझी म्हणून एक जागा उरली होती, तीही यानं घेतली. निघताना मी त्याच्याशी बोललो नाही.

सेटवर त्याचा आवाज आला, "दरड येतीय. मागच्या गाड्या थांबवा." त्या थांबल्या. पुढची दरडीखाली गेली, गावडेसकट.

भवानीनगरला त्याच्या स्मृतिदिनी गाव लोटतं. शाळेची पोरं फोटोला सॅल्यूट करतात. मी अजून जळतो. मग जेवणं सुरू होतात आणि त्याची आई माझा हात धरून नेते.

"हितं बस बाबा, त्याच्या जागंवर."

नोकरीभर मला हीच जागा हवी होती. मी ताट शेजारच्या पोराकडं सरकवतो.